पोलादाचे म्हातारपण



लोखंड गंजते, हे आपणांपैकी कोणाला सांगायला नको. पावसाळाभर पडवीत पडलेली कुदळ दसऱ्याला हातात घ्यावी, तर तांबडी भुकटी बोटांना लागते. लोखंड झिजते, हेही आपण जाणतो. फाळाचे टोक बोथट होते आणि पेरणीच्या आधी ते लोहाराकडून पाजवून आणावे लागते. पण चांगल्या पोलादाला म्हातारपण येते, असे कोणी म्हटले तर? गंज नाही, झीज नाही, वरून पाहावे तर पहिल्या दिवसासारखे. आणि आतून मात्र त्याचा चिवटपणा वर्षावर्षाला सरत चाललेला. असे म्हातारपण पोलादाला एका ठिकाणी येते. ते ठिकाण म्हणजे अणुवीज केंद्रातील भट्टीचे भांडे. हे का होते, त्यात धोका कोणता, आणि तो ओळखायचा कसा, याविषयी आज थोडे बोलू.

तुम्ही म्हणाल, अणुभट्टीचे भांडे आणि आमची शेती यांचा संबंध काय? संबंध आहे. आपल्या विहिरीवरच्या मोटरीला जी वीज येते, तिचा काही भाग अशा केंद्रांतून येतो. शिवाय आपल्या महाराष्ट्रातच, समुद्रकाठी तारापूरला, देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. ज्या वस्तूच्या शेजारी आपली माणसे राहतात, तिची कुंडली आपल्याला ठाऊक असावी, हे बरे.

आधी भांडे कसे असते ते पाहू. अणुभट्टी म्हटली की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे ज्वाळा येतात. तेथे ज्वाळा मुळीच नसतात. युरेनियमचे अणू फुटतात, त्यातून उष्णता निघते, आणि ती उष्णता पाणी उचलून नेते. घरातल्या प्रेशर कुकरमध्ये झाकण घट्ट असल्यामुळे पाणी शंभर अंशांना न उकळता सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. हीच युक्ती भट्टीत फार मोठ्या प्रमाणावर केलेली असते. दाबाच्या पाण्याच्या भट्टीत पाणी ३०० अंशांच्या आसपास असते, आणि तरीही ते उकळू नये म्हणून त्यावर हवेच्या दाबाच्या सुमारे १५५ पट दाब ठेवतात. म्हणजे भांड्याच्या आतल्या बाजूच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर, नखाएवढ्या जागेवर म्हणा ना, जवळजवळ दीडशे किलोचा रेटा!

हा रेटा सोसायचा म्हणून भांडे भक्कम करतात. मोठ्या भट्टीचे भांडे उंचीला बारा मीटरच्या आसपास, रुंदीला चार मीटरहून अधिक, आणि भिंत वीतभर जाड. वजन तीनशे टनांच्या वर. पोलादही साधे नसते. त्यात मँगनीज, निकेल, मॉलिब्डेनम असे धातू बेताबेताने घातलेले असतात. जाड पत्रे वाकवून किंवा मोठाली कडी ठोकून घडवतात आणि ती एकमेकांना वेल्डिंगने जोडतात. आतून गंज लागू नये म्हणून स्टेनलेस स्टीलचे अस्तर चढवतात.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. वीज केंद्रातले पंप बदलता येतात, नळ बदलता येतात, वाफ तयार करणारी अवाढव्य यंत्रेसुद्धा बदलून झाली आहेत. भांडे मात्र बदलण्याची सोय धरलेली नसते. ते एकदा बसवले की केंद्राचे आयुष्य तेच त्याचे आयुष्य. आणि दुसरे असे, की बाकी काही बिघडले तर त्यावर तोड म्हणून दुसरी-तिसरी योजना असते. पण भांडेच फुटले तर पाणी धरून ठेवणार कोण? म्हणून भांडे फुटता कामा नये, हे गृहीत धरूनच बाकीची सारी रचना केलेली असते. त्या पोलादाच्या प्रकृतीची एवढी चिंता वाहतात ती यामुळे.

आता पोलादाची प्रकृती म्हणजे काय? घरातले उदाहरण घेऊ. गुळाचा पाक कढईत गरम असतो तेव्हा त्याची तार निघते, ओढाल तितका तो लांबतो. तोच पाक थंड झाला की चिक्की होते आणि ती काडकन मोडते. पदार्थ तोच, गोडी तीच; फरक फक्त उष्णतेचा. ओढले असता जो लांबतो, वाकतो, तो चिवट. जो न वाकता तडकतो, तो ठिसूळ. आपले नेहमीचे पोलाद असेच आहे. उबेत चिवट आणि एका ठरावीक थंडीच्या खाली ठिसूळ. हा बदल ज्या उष्णतामानाच्या आसपास होतो, त्याला आपण ‘ठिसूळपणाची वेस’ म्हणू. वेशीच्या वरच्या बाजूला पोलाद भरवशाचे, खालच्या बाजूला बेभरवशाचे.

ही वेस किती घातक ठरू शकते, हे जगाला दुसऱ्या महायुद्धात कळले. १६ जानेवारी १९४३ ची गोष्ट. अमेरिकेत ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेले होते. ना वादळ, ना लाटा, ना शत्रूचा बॉम्ब. रात्री एकाएकी प्रचंड आवाज झाला आणि ते जहाज मधोमध तडकून जवळजवळ दुभंगले. पाणी ४ अंशांवर होते आणि हवा शून्याच्याही खाली. पुढे केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी अशा जहाजांच्या पोलादाचा अभ्यास करून दाखवून दिले, की दोष केवळ वेल्डिंगवर ढकलून भागणार नाही. ते पोलादच त्या थंडीत ठिसूळ होत होते. पूर्वी रिव्हेटने जोडलेल्या जहाजात एका पत्र्याची चीर त्या पत्र्याच्या कडेला थांबायची. वेल्डिंगने सारे जहाज एकसंध झाले, तशी चिरेलाही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी वाट मिळाली.

मग एखाद्या पोलादाची वेस कोठे आहे, हे शोधायचे कसे? त्यासाठी एक सोपी आणि जुनी परीक्षा आहे. जॉर्ज शार्पी नावाच्या फ्रेंच इंजिनियराने १९०१ साली ती रूढ केली. पोलादाची एक लहान कांडी घ्यायची, साडेपाच सेंटीमीटर लांब आणि एक सेंटीमीटर जाड. तिच्या मधोमध दोन मिलिमीटर खोल खाच पाडायची. मग घड्याळाच्या लंबकासारखा टांगलेला जड हातोडा उंचावरून सोडायचा. तो येतो, कांडी तोडतो आणि पलीकडे वर जातो. कांडी चिवट असली तर ती तोडण्यात हातोड्याचा जोर खर्च होतो, मग पलीकडे तो फारसा वर जात नाही. ठिसूळ असली तर तो जवळजवळ तितकाच वर जातो. चांगली चिवट कांडी तोडायला दोनशे ज्यूलपर्यंत शक्ती लागू शकते. म्हणजे वीस किलोचे पोते एक मीटर उचलायला लागते तेवढी. ठिसूळ कांडी पाच-दहा ज्यूलमध्येच दोन तुकडे होऊन पडते. अशा कांड्या वेगवेगळ्या उष्णतामानाला तोडत गेले, म्हणजे वेस कोठे आहे ते कळते.

भट्टीच्या भांड्याचे पोलाद नवे असताना त्याची वेस बहुधा शून्य अंशाच्याही खाली असते. भट्टी चालते ३०० अंशांजवळ. म्हणजे वेशीपासून कोसभर आत, अगदी सुरक्षित. पण येथेच आपल्या गोष्टीला सुरुवात होते. ही वेस एका जागी राहत नाही. भट्टी जसजशी चालते, तसतशी ती वर सरकू लागते.

कोण सरकवते तिला? न्यूट्रॉन. युरेनियमचा अणू फुटला की त्यातून दोन-तीन न्यूट्रॉन सुसाट बाहेर पडतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे वीस हजार किलोमीटर असतो. बहुतेक न्यूट्रॉन पाण्यात आणि इंधनातच अडतात, पण काही थोडे पाणी ओलांडून भांड्याच्या भिंतीवर येऊन थडकतात. पोलादात लोखंडाचे अणू ओळीने, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे बसलेले असतात. न्यूट्रॉनने एका अणूला टोला दिला, की तो आपल्या जागेवरून उडतो आणि शेजारच्यांना ढकलतो. कॅरमवर स्ट्रायकर आदळल्यावर सोंगट्या कशा उधळतात, ते डोळ्यांपुढे आणा. एका न्यूट्रॉनच्या टोल्याने असे शेकडो अणू हलतात. त्यांतले बहुतेक क्षणार्धाच्याही क्षुल्लक भागात पुन्हा कोठेतरी बसतात. थोडे मात्र बसत नाहीत. कोठे जागा रिकामी राहते, कोठे दोन ओळींच्या मध्ये एखादा आगंतुक अणू अडकून पडतो.

एखाद-दुसऱ्या टोल्याने काही बिघडत नाही. पण भांडे पन्नास वर्षे टोले खाते. एवढ्या काळात भिंतीच्या आतल्या बाजूला प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर आदळणाऱ्या वेगवान न्यूट्रॉनांची संख्या एकावर एकोणीस शून्ये एवढी होऊ शकते. म्हणजे शंभरांतल्या एक-दोन अणूंना तरी केव्हा ना केव्हा आपली जागा सोडावी लागते.

याने पोलाद ठिसूळ का व्हावे? त्यासाठी आधी धातू वाकतो कसा, ते समजून घ्यावे लागेल. सभेसाठी अंथरलेले मोठे जाजम हातभर पुढे सरकवायचे आहे, असे समजा. सगळे जाजम एकदम ओढू गेलात तर चार गडी दमतील. पण एका कडेला सुरकुती पाडून ती सुरकुती पायाने पुढे लोटत नेली, तर एकटा माणूस जाजम सरकवतो. धातूत अगदी असेच होते. अणूंच्या ओळी एकदम सरकत नाहीत. ओळींतली सुरकुती या कडेकडून त्या कडेकडे सरकते आणि धातू वाकतो. सुरकुत्या मोकळ्या फिरल्या की धातू चिवट. आता जाजमाखाली जागोजाग खडे आले तर? सुरकुती खड्यापाशी अडेल. न्यूट्रॉनांनी केलेल्या रिकाम्या जागा आणि घुसखोर अणू हेच ते खडे. पोलाद त्यामुळे आधीपेक्षा कठीण होते, पण वाकेनासे होते. जोर आला की वाकून तो पचवण्याऐवजी ते तडकण्याचा मार्ग धरते. ओला फोक लवतो आणि वाळका फोक मोडतो, तशातलीच गत.

या कथेत आणखी एक पात्र आहे, आणि ते म्हणजे तांबे. १९६० च्या सुमारास भांड्यांचे वेल्डिंग करताना जी तार वापरत, तिला गंज लागू नये म्हणून तांब्याचा पातळ मुलामा दिलेला असे. कामगारांच्या सोयीची, सरळ गोष्ट. पण त्या मुलाम्यामुळे वेल्डिंगच्या सांध्यात थोडे तांबे मिसळले. टनामागे फार तर तीन-चार किलो. ते तांबे पोलादात विखुरलेले होते. खरे पाहता ३०० अंशांजवळ लोखंडाला एवढे तांबे पोटात ठेवायचे नसते, पण तांब्याच्या अणूंना हलायला वाव नव्हता. गच्च भरलेल्या एस.टी.त एखाद्याला मागच्या बाकावरच्या सोबत्याकडे जायचे असले, तरी मधे कोणी उठल्याशिवाय त्याला सरकता येत नाही. न्यूट्रॉनांनी जागा रिकाम्या केल्या आणि तांब्याच्या अणूंना वाट मिळाली. एकेक करून ते एकत्र आले आणि त्यांचे बारीक पुंजके झाले. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाला नॅनोमीटर म्हणतात. हे पुंजके दोन-तीन नॅनोमीटरचे. एवढे बारीक खडे, पण संख्येने अगणित; सुरकुत्यांची वाट अडवायला पुरेसे. जेथे तांबे अधिक तेथे म्हातारपण लवकर. निकेल त्याला साथ देते, आणि फॉस्फरसही पोलादाला बाधक ठरतो.

तांब्याचा हा खोडसाळपणा १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ध्यानात आला. त्यानंतर नव्या भांड्यांच्या पोलादात आणि वेल्डिंगच्या तारेत तांब्यावर कडक मर्यादा आली. पण आधी बसवलेली भांडी तर बसवून झाली होती.

येथे कोणी विचारील, वेस वर सरकली म्हणून काय झाले? समजा ती शंभर अंशांवर आली. भट्टी तर ३०० वर चालते. प्रश्न बरोबर आहे. रोजच्या चालण्यात धोका नाहीच. धोका आहे तो भांडे एकाएकी थंड होण्यात. कंदिलाची तापलेली काच आठवा. तिच्यावर पावसाचे चार थेंब उडाले की ती तडकते, कारण पाणी लागलेला भाग आक्रसू पाहतो आणि बाकीची काच त्याला आक्रसू देत नाही. भट्टीतले पाणी काही कारणाने गळू लागले, तर आणीबाणीची व्यवस्था म्हणून थंड पाणी आत सोडतात. ते वीतभर जाड भिंतीच्या आतल्या अंगाला लागते. आतले अंग आक्रसते, बाहेरचे तापलेलेच असते. त्यात आतला दाब तसाच राहिला, भिंतीत एखादी जुनी बारीक चीर असली, आणि पोलादाची वेस वर आलेली असली, तर या चार गोष्टी एकत्र येणे बरे नाही. जीव वाचवण्यासाठी सोडलेले पाणीच घात करू शकेल, असा तो पेच आहे.

ही केवळ कागदावरची शंका नव्हती. २० मार्च १९७८ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रँचो सेको केंद्रात काय झाले पाहा. नियंत्रण कक्षात एका बटणातला लहानसा दिवा बदलत असताना तो हातातून निसटला आणि फलकाच्या आत पडला. तारा एकमेकींना भिडल्या, पुष्कळ मापकांचा वीजपुरवठा गेला आणि यंत्रणेला खोटे आकडे मिळू लागले. भट्टी आपोआप बंद पडली हे ठीक झाले. पण थंड पाणी गरजेपेक्षा फार अधिक आले. तासाभरात भट्टीतले पाणी सुमारे ३०५ अंशांवरून १४० अंशांपर्यंत उतरले आणि दाब मात्र चढाच राहिला. भांड्याला काही झाले नाही. का? कारण ते केंद्र तीनच वर्षांचे होते. पोलाद तरुण होते, चिवट होते. तोच प्रसंग एखाद्या म्हाताऱ्या भांड्यावर आला असता तर, हा प्रश्न त्या दिवसानंतर इंजिनियरांना स्वस्थ बसू देईना. पुढे १९८५ साली अमेरिकेने नियम केला, की भांड्याची वेस एका मर्यादेपर्यंत, पत्र्यांच्या बाबतीत सुमारे १३२ अंशांपर्यंत, पोचण्याचा रंग दिसला, तर आधीच उपाय करायचा किंवा भट्टी सुरक्षित असल्याचे वेगळ्या कसोट्यांनी सिद्ध करून दाखवायचे.

पण भांड्याची वेस कोठवर आली, हे कळावे कसे? भांड्याचा तुकडा कापून तर पाहता येत नाही. येथे आपली जुनी म्हण कामी येते: शितावरून भाताची परीक्षा. भांडे घडवताना त्याच पोलादाच्या, त्याच वेल्डिंगच्या कांड्या करून ठेवतात. त्या डब्यांत बंद करून भट्टीतच, भिंतीच्या आतल्या बाजूला टांगतात. भिंतीपेक्षा त्या इंधनाला थोड्या जवळ असतात, म्हणून त्यांना टोलेही अधिक बसतात. साहजिकच भिंतीच्या आधी त्या म्हाताऱ्या होतात. काही वर्षांनी एक डबा काढायचा, जाड भिंतींच्या बंदिस्त खोलीत यांत्रिक हातांनी उघडायचा आणि कांड्या शार्पीच्या हातोड्याखाली तोडून पाहायच्या. आज कांडीची जी दशा, ती भिंतीची आणखी काही वर्षांनी होणार. त्या कांड्या म्हणजे पुढच्या काळाची बातमी आणणारे जासूदच.

हे जासूद नसले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतच मॅसॅच्युसेट्स राज्यातील यांकी रो केंद्राचे आहे. ते १९६० साली सुरू झाले. तेव्हा या साऱ्या ज्ञानाची नुकती सुरुवात होती. पहिल्या काही वर्षांनंतर कांड्यांची तपासणी बंद पडली. वेल्डिंगच्या सांध्यांत तांबे किती, याचीही खात्रीलायक नोंद हाती नव्हती. त्यातून ही भट्टी इतरांपेक्षा थोड्या कमी उष्णतामानाला चालत असे, आणि कमी उष्णतेत न्यूट्रॉनांच्या जखमा लवकर भरून येत नाहीत. तीस वर्षांनी केंद्राची मुदत वाढवण्याचा विचार निघाला, तेव्हा साधा प्रश्न उभा राहिला: हे भांडे अजून चिवट आहे का? छातीठोक उत्तर कोणाला देता येईना. भांडे बिघडले होते असे सिद्ध झाले नाही. पण ते चांगले आहे असेही सिद्ध करता आले नाही. १ ऑक्टोबर १९९१ रोजी भट्टी थांबवली आणि १९९२ च्या फेब्रुवारीत केंद्र कायमचे बंद करण्याचे ठरले. चालत्या केंद्रावर पडदा पडला तो तडा गेल्यामुळे नव्हे, तर नोंद नसल्यामुळे.

आता उपायांकडे वळू. म्हातारपण मुळीच येऊ नये असे करता येत नाही, पण ते लांबवता येते. पहिला उपाय सोपा आहे. शेकोटीत आपण ताजी लाकडे मध्ये आणि अर्धवट जळालेली कडेला ठेवली, तर कडेला बसणाऱ्याला धग कमी लागते. तसेच भट्टीत जुने, वापरलेले इंधन कडेला ठेवतात, म्हणजे भिंतीवर न्यूट्रॉन कमी येतात. दुसरा उपाय म्हणजे आणीबाणीचे पाणी साठ्यातच गरम करून ठेवणे, म्हणजे भिंतीला एकदम गारठा बसत नाही. आणि तिसरा उपाय आपल्या लोहाराच्या ओळखीचा आहे. विळ्याला पाणी दिले की तो कठीण होतो, पण नुसते पाणी देऊन सोडला तर दगडाला लागताच त्याचा टवका उडतो. म्हणून लोहार त्याला पुन्हा बेताची ऊब देतो. भांड्यालाही अशीच ऊब देता येते.

फिनलंड देशातील लोविसा येथे हे तिन्ही उपाय पाहायला मिळतात. तेथील पहिली भट्टी रशियन बनावटीची. १९७७ साली सुरू झाली. १९८० च्या सुमारास पहिल्या कांड्या तोडल्या, तेव्हा असे दिसले, की भट्टीच्या मध्यावरचा वेल्डिंगचा सांधा अपेक्षेपेक्षा फार लवकर ठिसूळ होत आहे. त्यांनी वेळ दवडला नाही. इंधनाच्या बाहेरच्या रांगेतले ३६ जुडगे काढून त्यांच्या जागी पोलादाचे सोंग उभे केले, म्हणजे भिंतीजवळ न्यूट्रॉन निर्माणच कमी झाले. आणीबाणीचे पाणी गरम ठेवू लागले. पुढे १९९६ साली भट्टी रिकामी करून आत विजेची कड्यासारखी शेगडी उतरवली आणि त्या सांध्याला ४७५ अंशांवर सुमारे शंभर तास शेक दिला. मग सावकाश निवू दिले. उष्णतेने अणूंना हालचाल करायला बळ मिळाले, रिकाम्या जागा भरल्या, बारीक पुंजके विरले किंवा एकत्र येऊन विरळ झाले. जाजमाखालचे बहुतेक खडे निघाले म्हणा ना! चिवटपणा मोठ्या प्रमाणात परत आला. अर्थात त्यानंतर पोलाद पुन्हा म्हातारे व्हायला लागतेच, म्हणून नव्या कांड्या ठेवून नव्याने लक्ष ठेवावे लागते.

आपल्याकडे काय? तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या. त्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्या आहेत. त्यांच्यात दाब दाबाच्या पाण्याच्या भट्टीच्या निम्म्याहून कमी, आणि इंधन व भिंत यांच्यामध्ये पाण्याचा थर जाड. पाणी न्यूट्रॉनांना अडवते, म्हणून भिंतीवर टोले पुष्कळ कमी बसतात. तरीही तेथे अशा कांड्या ठेवलेल्या होत्या आणि त्यांची परीक्षा ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी केली. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीची घडण निराळी आहे. त्या २००५ आणि २००६ साली वीज देऊ लागल्या. त्यांत एक मोठे दाबाचे भांडे नसतेच. दाब सोसतात त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या ३९२ नळ्या. त्या नळ्यांनाही न्यूट्रॉन त्रास देतात, पण नळी बदलता येते. तमिळनाडूत कुडनकुलम येथे मात्र दाबाच्या पाण्याच्या मोठ्या भट्ट्या आहेत, आणि तेथे भांड्याच्या पोलादाची काळजी ही आयुष्यभराची काळजी आहे.

आता शिक्षक मंडळींसाठी दोन छोटे प्रयोग सांगतो. गुरुजी, पहिल्याला एक पैशाचा खर्च नाही. दोन सारख्या मेणबत्त्या घ्या. एक थोडा वेळ उन्हात ठेवा, दुसरी माठाच्या गार पाण्यात. मग दोन्ही मुलांकडून हळू वाकवून घ्या. उन्हातली वाकेल, गार पाण्यातली मोडेल. ठिसूळपणाची वेस वर्गातच दिसली. दुसरा प्रयोग बांधकामावरच्या मऊ लोखंडी तारेचा. ती एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहा. थोड्या वेळाने ती जागा ताठ झालेली हाताला कळेल. तेथे अणूंच्या ओळींतल्या सुरकुत्या एकमेकींत अडकून बसल्या. मोडण्याच्या आधी थांबा. ती जागा चिमट्याने चुलीत धरून लाल होऊ द्या आणि आपोआप निवू द्या. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे, मुलांना दूर उभे करून. तार निवल्यावर पुन्हा वाकवून पाहा. ती मऊ झालेली असेल. लोविसाच्या भांड्याला जो शेक दिला, त्याचेच हे धाकटे भावंड.

श्रोतेहो, या साऱ्या गोष्टीत मला सर्वांत मोलाची वाटते ती ती लहानशी कांडी. १९५० आणि १९६० नंतरच्या दशकांत ज्यांनी या कांड्या भट्टीत टांगल्या, त्यांना तांब्याचे कारस्थान पुरते ठाऊक नव्हते. पण आपल्याला सर्व कळलेले नाही, एवढे ते जाणून होते. म्हणून चाळीस वर्षांनी येणाऱ्या माणसाला तोडून पाहता यावे, यासाठी त्यांनी तुकडे राखून ठेवले, आणि कोणता तुकडा कोणत्या पोलादाचा हे वहीत लिहून ठेवले. ज्यांनी वही नीट ठेवली, त्यांना वेळेवर उपाय करता आला. ज्यांची वही अपुरी राहिली, त्यांना चालते केंद्र बंद करावे लागले. आपल्या गावचे धरण असो, पूल असो, शाळेची स्लॅब असो किंवा पाण्याची टाकी असो. ती कधी बांधली, कशाने बांधली, शेवटचे कोणी तपासले, हे विचारण्याचा आणि लिहून ठेवायला लावण्याचा अधिकार आपल्यालाही आहे. ग्रामसभेत पुढच्या वेळी कोणीतरी एवढे विचारले, तरी आजचे बोलणे कामी आले असे मी समजेन.